गेटपासून जिन्यापर्यंतचा रस्ता

जूनमधला पहिला जोरदार पाऊस पडून गेला, की सोसायटीच्या आवारात एक प्रसंग हमखास घडतो. भाजीची पिशवी सांभाळत कुणी गेटमधून आत येते, पाय नेमका एका पेव्हर ब्लॉकवर पडतो, ब्लॉक डुगडुगतो आणि फटीतून गढूळ पाण्याची चिळकांडी थेट कपड्यांवर उडते. दुसऱ्या दिवसापासून ते माणूस तो ब्लॉक चुकवून चालू लागते. वॉचमन दुचाकीवाल्यांना हात दाखवून डावीकडून यायला सांगतो. दिवाळीच्या सुमारास दोन मजूर येतात, खचलेले ब्लॉक उचलतात, खाली दोन घमेली कच टाकतात, वरून ठोकतात आणि जातात. पुढच्या जूनमध्ये तोच ब्लॉक पुन्हा डुगडुगतो.

त्या चिळकांडीकडे जरा लक्ष द्यायला हवे. पाणी गढूळ का असते? ब्लॉकखाली साचलेले पाणी चाकाच्या किंवा पायाच्या दाबाने वर येताना खालची बारीक माती आणि वाळू सोबत घेऊन येते. प्रत्येक चिळकांडीबरोबर चिमूटभर आधार कमी होतो. आधार कमी झाला, की पोकळी वाढते; तिच्यात अधिक पाणी मावते आणि पुढची चिळकांडी मोठी होते. दिवाळीला टाकलेली कच या चक्राला आणखी खाद्य पुरवते, कारण पाणी तिथे का साचते, हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो.

घराच्या गळतीवर, लिफ्टवर, रंगावर सोसायटीच्या सभेत तासन्तास चर्चा होते. आवारातल्या रस्त्यावर मात्र एका वाक्यात निर्णय होतो: "यंदा ब्लॉक बदलून टाकू." बिल्डरच्या माहितीपत्रकात 'ड्राइव्ह-वे' म्हणून मिरवणाऱ्या या पट्ट्यावरून रोज शाळेची मुले धावतात, काठी टेकत आजी-आजोबा फिरतात, आणि वेळ आली तर रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाचा बंबही तिथूनच आत येतो. त्याला अशी वरवरची मलमपट्टी करणे हा सभासदांच्या पैशांचा अपव्यय आहे. एकदा खालपर्यंत खणून, पाण्याला वाट देऊन, नीट काम केले, तर हा खर्च दरवर्षी करावा लागत नाही.

ब्लॉकचा रस्ता म्हणजे वरचे ब्लॉक, ही समजूत आधी सोडायला हवी. ब्लॉक हा सगळ्यात वरचा थर. त्याच्याखाली साधारण २५ ते ४० मिलिमीटर जाड वाळूची गादी, तिच्याखाली दाबून बसवलेली खडी, तिच्याखाली मुरूम, आणि सगळ्यात खाली मूळ जमीन. गाडीचे वजन ब्लॉक एकमेकांत अडकून आजूबाजूला पसरवतात आणि खडी-मुरमाचे थर ते जमिनीपर्यंत सौम्य करून पोहोचवतात. यातला खडीचा थर पुष्कळ ठिकाणी नसतोच. इमारतीचे काम संपता संपता उरलेला राडारोडा पसरला जातो, त्यावर कच ओतली जाते आणि ब्लॉक मांडून ताबा दिला जातो. पहिली दोन वर्षे सगळे छान दिसते.

मग गादी जाड करण्याचा मोह होतो. जिथे खोलगट तिथे कच जास्त, म्हणजे वरून पातळी सारखी दिसते. पण १०० मिलिमीटर कच चाकाखाली दबणार, सरकणार, आणि नेमकी चाकाच्या रेषेत दोन पन्हळी पडणार. त्यातून क्रशरवरची कच पिठासारखी बारीक असेल, तर ती पाणी धरून ठेवते. गादीला हवी ती पाणी खाली जाऊ देणारी भरड वाळू. खोलगट भाग खडीने भरून दाबायचा असतो, आणि गादी सगळीकडे सारख्याच जाडीची ठेवायची असते. डुगडुगणाऱ्या ब्लॉकांपैकी बऱ्याच ब्लॉकांचे मूळ या एका चुकीत सापडेल.

आणि टँकर!

पुण्याच्या उपनगरांत, पिंपरी-चिंचवडच्या नव्या वस्त्यांत, ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर उन्हाळ्यात सोसायट्यांचे पाणी टँकरवर चालते. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये नुसते पाणीच दहा टन. गाडीचे वजन धरून एकूण पंधरा-सोळा टन, आणि त्यातले सुमारे दहा टन मागच्या आसावर. मध्यम मोटारीच्या एका आसावर पाऊण टनही पडत नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवरून दिवसरात्र ट्रक पळवून एक मोठी चाचणी झाली. तिच्यातून रस्ता-अभियंते आजही वापरतात तो ढोबळ नियम निघाला: आसावरचे वजन दुप्पट झाले, की रस्त्याची झीज दोनपट नव्हे, सुमारे सोळापट होते. चौथ्या घाताचा हा हिशेब टँकरला लावला, तर एक भरलेला टँकर आत येणे म्हणजे तीस-चाळीस हजार मोटारी येण्यासारखे. आकडा ढोबळ आहे, पण त्यातला इशारा खरा आहे. सभासदांच्या गाड्या वाढल्या म्हणून रस्ता खचला, असे सभेत सांगितले जाते. त्या गाड्यांनी वर्षभरात जेवढे नुकसान केले नसेल, तेवढे एप्रिल-मे महिन्यांत टँकर करून जातात. शिवाय टँकर जमिनीखालच्या टाकीजवळ रोज त्याच जागी उभा राहतो, जागच्या जागी चाके वळवून ब्लॉक पिळतो आणि पाइपमधून गळणारे पाणी तिथेच मुरवतो.

यावरचा उपाय कुठल्याही सोसायटीच्या आवाक्यातला आहे. टँकरचा मार्ग ठरवून घ्यावा आणि तेवढा पट्टा वेगळ्या ताकदीचा करावा. शक्य असेल तिथे टाकीत पाणी सोडण्याचा पाइप गेटजवळच्या कुंपणभिंतीपर्यंत आणावा, म्हणजे टँकर आत येण्याचीच गरज उरत नाही. वीस-तीस मीटर पाइप टाकण्याचा खर्च सगळे आवार पुन्हा पुन्हा उकरण्यापेक्षा नक्कीच कमी.

पेव्हर ब्लॉकसाठी भारतीय मानक आहे, आयएस १५६५८. त्याच्या २००६ सालच्या आवृत्तीत वाहतुकीनुसार ब्लॉकची जाडी आणि ताकद मांडली होती: हलक्या वाहतुकीला ६० मिलिमीटर आणि एम-३५, मध्यम वाहतुकीला ८० मिलिमीटर आणि एम-४०. ब्लॉकने सरासरी ६ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी शोषू नये, अशीही अट होती. सोसायटीच्या कोटेशनमध्ये यातले किती उतरते? तिथे लिहिलेले असते 'लाल-करडा ब्लॉक, झिगझॅग, चौरस फुटाला इतके रुपये'. रंगावर वाद होतात. जाडी, ताकद आणि शोषण यांचा चाचणी-अहवाल मागावा, हे कुणाच्या मनातच येत नाही. टँकरच्या वाटेवर ६० मिलिमीटरचा ब्लॉक घातला असेल, तर कोपरे उडणारच. मांडणीचाही फरक पडतो. विटांच्या भिंतीसारख्या सरळ ओळींपेक्षा माशाच्या काट्यासारखी तिरकी वीण चाकांचा रेटा कितीतरी चांगला सोसते.

ब्लॉकची खरी खुबी वेगळीच आहे आणि तीच इथे वाया जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समध्ये विटांचा तुटवडा पडला, तेव्हा रस्त्यांवरच्या भाजक्या विटांच्या जागी सिमेंटचे ठोकळे आले. तिथली जमीन मऊ, सतत खचणारी. रस्ता बसला की ठोकळे उचलायचे, खालचा थर सारखा करायचा आणि तेच ठोकळे परत लावायचे, अशी ती पद्धत. म्हणजे उचलून पुन्हा लावता येणे हाच ब्लॉकचा खरा गुण आहे. न फुटलेला ब्लॉक फेकून नवा घेण्याचे काही कारण नसते. सोसायटीने नव्या ब्लॉकवर जाणारे पैसे वाचवून ते खालच्या खडीवर आणि रोलरवर घातले, तर त्याच खर्चात कितीतरी टिकाऊ काम होईल.

याच्या बरोबर उलट एक सवय फार पसरली आहे: फटींमध्ये सिमेंटचे पाणी ओतणे. गवत उगवते, मुंग्या वाळू उकरून बारीक ढिगारे करतात, म्हणून फटी 'पॅक' करून टाकायच्या. फटीतली कोरडी बारीक वाळू हाच ब्लॉकला ब्लॉकशी बांधणारा दुवा असतो. तिथे सिमेंट आले, की थोडे झुकून परत सावरणारा पृष्ठभाग ताठर होतो, पहिल्या जड चाकाला तडकतो, आणि त्या तड्यांतून शिरलेले पाणी आत अडकून बसते. पुढे ब्लॉक उचलायची वेळ आली, तर तो अखंड निघतही नाही. फटींवर उपाय एकच: पावसाळ्यानंतर वर्षातून एकदा कोरडी, चाळलेली वाळू झाडूने फटींत भरायची. अर्ध्या दिवसाचे काम आहे.

महाराष्ट्राच्या मोठ्या भागात आणखी एक गोष्ट पायाखाली आहे, काळी माती. नाशिक, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर, विदर्भाचा बराचसा भाग, पुण्याच्या पूर्वेची उपनगरे, जिथे कालपर्यंत ऊस नाही तर ज्वारी होती, तिथे आज इमारती उभ्या आहेत. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर खोल भेगा पाडते. इमारतीचा पाया या थरातून खाली खडकापर्यंत नेलेला असतो; आवारातला रस्ता मात्र थेट मातीवर बसवलेला. त्यामुळे इमारत जागची हलत नाही आणि तिच्या कडेचा रस्ता वर्षातून एकदा वर येतो, एकदा खाली जातो. जिन्याच्या पहिल्या पायरीशी पडणारी ती बोटभर फट बहुतेक वेळा याच हालचालीची. अशा ठिकाणी काळी माती शक्य तितकी काढून टाकावी लागते आणि तिथे मुरूम भरावा लागतो. तोही एकदम ओतून नव्हे. साधारण १५ ते २० सेंटिमीटरचा थर, त्यावर पाणी, त्यावर रोलर, मग पुढचा थर. अरुंद जागी रोलर जात नसेल तर धुम्मस किंवा प्लेट व्हायब्रेटर वापरावा लागतो. कोकणात जांभ्याची जमीन इतका त्रास देत नाही. तिथे पावसाचा मारा आणि जमिनीचा उतारच थर धुऊन नेतो, म्हणून कडेचा बांध आणि गटार यांना तिथे अधिक महत्त्व.

टिकाऊ रस्ता हे काही स्वप्न नव्हे. पुण्याचा जंगली महाराज रस्ता त्याची साक्ष देतो. १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात मोठ्या पावसाने शहरातले रस्ते उखडले, तेव्हा महापालिकेच्या स्थायी समितीचे तरुण अध्यक्ष श्रीकांत शिरोळे यांनी जंगली महाराज रस्त्याचे काम रेकॉन्डो या कंपनीला द्यायला लावले. कंपनीने दहा वर्षांची लेखी हमी दिली. १९७६ साली रस्ता तयार झाला, आणि हमीची दहा वर्षे संपल्यावरही कित्येक पावसाळे त्याला खड्डा पडला नाही. पुणेकर या रस्त्याबद्दल आजही अभिमानाने बोलतात. त्यातून सोसायटीच्या समितीने दोन गोष्टी उचलायला हव्यात: काम करणाऱ्याची जबाबदारी काही वर्षांपुरती कागदावर आणणे, आणि डांबराच्या चकाकीपेक्षा त्याखालच्या थरांची चौकशी करणे.

आता पाण्याच्या वाटेविषयी. आवाराचा उतार कुठल्या दिशेला आहे, हे पाहण्यासाठी यंत्र लागत नाही. दोन बादल्या पाणी ओतले तरी पुरते. उतार पन्नासाला एक इतका असावा, म्हणजे पाच मीटर रुंदीत दहा सेंटिमीटर, आणि तो इमारतीपासून दूर गटाराकडे असावा. अनेक आवारांत तो उलटा असतो आणि पावसाचे पाणी पार्किंगमध्ये, तिथून लिफ्टच्या खड्ड्यात जाते. मग लिफ्ट दुरुस्तीचे बिल रस्त्याच्या दुखण्यापायी भरावे लागते. वरचे पाणी गटारात गेले, तरी फटींतून खाली झिरपलेल्या पाण्याचे काय? गादीतले पाणी बाहेर पडावे, म्हणून चेंबरच्या भिंतीला त्या पातळीवर बारीक भोके ठेवून त्यांवर वाळूच्या बाजूने जिओटेक्स्टाइलचे कापड लावतात, म्हणजे पाणी जाते आणि वाळू राहते. अगदी किरकोळ खर्चाची ही गोष्ट कोटेशनमध्ये क्वचितच दिसते.

कडेच्या दगडांचीही अशीच उपेक्षा होते. कर्ब काँक्रीटमध्ये घट्ट रोवलेला नसेल, तर ब्लॉक हळूहळू बाहेर सरकतात, फटी रुंदावतात आणि वाळू निसटते. कडेला उरलेल्या चिंचोळ्या जागा सिमेंटच्या मसाल्याने लिंपण्याऐवजी ब्लॉक यंत्राने कापून बसवावेत. लिंपलेली पट्टी एका पावसाळ्यात सुटते.

ज्या सोसायट्या ब्लॉकला कंटाळून काँक्रीटकडे वळतात, त्यांना ट्रिमिक्स सुचवले जाते. काँक्रीट ओतल्यावर त्यावर चटई अंथरून पंपाने जादा पाणी ओढून घ्यायचे, अशी ही पद्धत. तिच्यामुळे पृष्ठभाग टणक होतो, धूळ सुटत नाही. टँकरच्या वाटेसाठी हा पर्याय उत्तम. पण काँक्रीट सुकताना आकसते, आणि त्याला जागा ठरवून दिली नाही तर ते वाटेल तिथे फाटते. म्हणून साधारण पहिल्या चोवीस तासांत यंत्राने खाचा पाडाव्या लागतात. १५० मिलिमीटर जाडीला सुमारे चार मीटर अंतरावर, जाडीच्या निदान चौथ्या भागाइतक्या खोल. मिस्त्री दुसरीकडे कामाला गेला आणि खाचा चार दिवसांनी पडल्या, तर भेगा तोवर आपली वाट शोधून मोकळ्या झालेल्या असतात. क्युरिंगचेही तसेच. मानक किमान सात ते दहा दिवस सांगते. रस्त्याला दोन आठवडे ओले गोणपाट किंवा मातीचे बांध घालून साठवलेले पाणी मिळाले, तर उत्तम. सोसायटीत मात्र तिसऱ्या दिवशी "गाडी कुठे लावू?" हा प्रश्न सुरू होतो आणि दोऱ्या सुटतात. पार्किंगची पर्यायी सोय ठरवल्याशिवाय काँक्रीटचे काम हातीच घेऊ नये.

पडलेल्या भेगेत सिमेंटची लापशी भरणे निरुपयोगी आहे. भेग उन्हाने उघडझाप करते, सिमेंट करत नाही. भेग थोडी रुंद कापून, साफ करून, ताणले जाणारे सीलंट भरावे लागते. आणि भेगेच्या दोन बाजू वरखाली झाल्या असतील, तर खालचा आधारच गेला आहे. तिथे लादीचा तेवढा तुकडा काढून खालून काम करण्यावाचून गत्यंतर नाही.

डांबराच्या आवारांत आणखी एक घात होतो. दर काही वर्षांनी जुन्या थरावर नवा थर. पंधरा-वीस वर्षांत रस्ता वीतभर उंच होतो, जोते खाली राहते आणि पाणी घरात शिरते. नवा थर टाकण्याआधी जुना खरवडून काढण्याची अट करारात असायलाच हवी.

सगळ्या चुकांमध्ये सर्वांत जास्त पाहायला मिळते ती खोदाई. गॅसची नळी, इंटरनेटची केबल, सांडपाण्याची वाहिनी, प्रत्येकासाठी चर खणला जातो आणि तीच उकरलेली माती सैल ढकलून वर ब्लॉक बसवले जातात. पहिल्या पावसात आवारभर सरळ रेषेत एक नाली उमटते. खोदणाऱ्याकडून अनामत घ्यावी, चर थराथराने दाबून भरला आहे हे पाहून आणि एक पावसाळा उलटल्यावरच ती परत करावी. त्याहून शहाणपणाचे म्हणजे रस्ता उघडलेला असतानाच दोन-तीन रिकामे पाइप आडवे टाकून ठेवणे.

झाडांवर मात्र राग काढू नये. मुळांनी ब्लॉक उचलले म्हणून मुळे तोडणारे मिस्त्री आहेत, आणि पुढच्या वादळात ते झाड एखाद्या मोटारीवर कोसळते. दिल्लीतल्या झाडांभोवतीचे काँक्रीट एक मीटरपर्यंत काढण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिला होता. बुंध्याभोवती तेवढी माती मोकळी सोडली, तर मुळांना वर येण्याची गरज कमी होते आणि पाणीही मुरते.

पैसे कुठून येणार? नव्या इमारतींच्या हातात कायदा आहे. रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या दर्जात दोष दाखवला, तर विकसकाने तो तीस दिवसांत विनामूल्य दूर करायचा असतो. अंतर्गत रस्ते हे याच कायद्याच्या व्याख्येत अंतर्गत विकासकामांत मोडतात. खचलेला रस्ता स्वतःच्या पैशांनी दुरुस्त करून मोकळ्या झालेल्या सोसायट्यांनी पाच वर्षांच्या आत एक लेखी पत्रही दिलेले नसते. जुन्या सोसायट्यांसाठी आदर्श उपविधींत दुरुस्ती-देखभाल निधी बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड किमान पाव टक्का असा सांगितला आहे. तो नियमित गोळा होत असेल, तर एकदा नीट काम करण्याइतके पैसे उभे राहतात. सगळे आवार एकदम जमत नसेल, तर आधी टँकरची वाट, पुढच्या वर्षी पार्किंगकडचा भाग, अशी वाटणी करावी. फक्त प्रत्येक तुकडा खालपर्यंत व्हावा.

कोटेशन मागवण्यापूर्वी एक काम अवश्य करावे. जिथे सर्वाधिक खचले आहे तिथले मीटरभर लांबी-रुंदीचे ब्लॉक काढून दोन फूट खोल खणावे आणि कापलेल्या बाजूचा फोटो घ्यावा. कच किती, खडी आहे की नाही, मुरूम कुठे संपतो, काळी माती कुठे सुरू होते, पाणी कुठल्या थरात झिरपते, सगळे त्या फोटोत दिसते. कोटेशन देणाऱ्या सगळ्या कंत्राटदारांना तोच फोटो आणि तोच तपशील द्यावा, म्हणजे दरांची तुलना खरी होते. नाहीतर कमी दरवाला जिंकतो, कारण त्याने खडीचा थर हिशेबातच धरलेला नसतो.

सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. तेव्हा पाऊस ओसरत आलेला असतो, पण डबकी अजून जागेवर असतात. एखाद्या सकाळी पाऊस थांबल्यावर तासाभराने दोन सभासदांनी खडू घेऊन खाली उतरावे आणि प्रत्येक डबक्याच्या काठाने रेघ ओढावी. टँकर उभा राहतो ती जागा, डुगडुगणारे ब्लॉक, चेंबरभोवतीचे खड्डे यांवरही खूण करावी. गच्चीवरून त्या आवाराचा एक फोटो काढावा आणि सभेच्या विषयपत्रिकेला जोडावा. ऑक्टोबरमध्ये जमीन वाफशावर आली, की खणायला सुरुवात त्या खडूच्या रेघांपासून करता येईल.